हातचा

निपाणीत आमच्या गल्लीला तंबाखूचा वास,
शनिवारी जरा जास्तच.
यल्लूआत्या मांडीवर सूप घेऊन बसायची,
पान कापायची, चुरा भरायची, वळायची,
तोंड नखानं दुमडायची
आणि मोजायची कन्नडात: ओंदु, एरडु, मूरु.
आकडे आईकडून आलेले, गोकाकचे.
शिव्या मात्र मराठीत.

मी चौथीत होतो. उदाहरण दिसलं की विचारायचो,
गुणायचं का भागायचं?
ती म्हणायची, आकडा दिसला की झडप घालतोस,
मांजर हैस काय?
आधी वाच की.
कुणाचं, किती, आणि हवंय काय.
बाकीचं मग.

त्या शनिवारी कारखान्यातून आली ती गप्प.
अठ्ठ्याऐंशी रुपये फळीवर ठेवले,
कॅलेंडरचं फाटकं पान उलटं केलं,
म्हणाली, लिही.

दिवस सहा. रोज आठशे विड्या.
(पेन्सिल चाटू नको.)
अठ्ठेचाळीसशे.
आता थांब. काय लिहिलंस ते मोठ्यानं वाच.

हजाराला पन्नास छाट.
मी लगेच पन्नास वजा केले.
तिनं डोक्यात टपली मारली:
हजार एकच हाय काय?
चार हजारांचे दोनशे,
वरच्या आठशेचे?
मी बोटांवर गेलो, परत आलो.
चाळीस.
मग दोनशे चाळीस गेले. राहिले
पंचेचाळीसशे साठ.

तिनं उत्तर मान्य केलं नाही.
ताळा बघू, म्हणाली,
आणि डोळे मिटून आपल्या वाटेनं निघाली,
विड्यांनी नाही, कट्ट्यांनी:
पंचवीसचा कट्टा, दिवसाला बत्तीस,
सहा दिवसांचे एकशे ब्याण्णव,
छाटीत गेले नऊ कट्टे नि वर पंधरा.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
एकशे ब्याऐंशी कट्टे, दहा विड्या सुट्ट्या.
तुझं नि माझं एकच आलं, म्हणाली.
आता पैशाचं काढ.

हजाराला बावीस.
चार हजारांचे अठ्ठ्याऐंशी.
तिथं माझी पेन्सिल थांबली,
कारण अठ्ठ्याऐंशी फळीवर होतेच.
मला वाटलं, जुळलं.
मी पानाखाली दोन रेघा मारल्या.

आणि वरचे पाचशे साठ?

मास्तर शाळेत सांगायचे, हातचा विसरू नका.
मी हातचा डोक्यावर बारीक लिहायचो,
उत्तर आलं की खोडून टाकायचो.
किती शनिवार असे खोडले गेले असतील
ते आत्या बोलली नाही.
पानं भिजवायच्या घमेल्यात बघत राहिली.

सोमवारी आम्ही दोघं खिडकीशी.
मुनीम चिकोडीचा, चष्मा कपाळावर,
म्हणाला, हजाराच्या खालचं पुढच्या हप्त्यात घेतो, रीत हाय.
मागच्या हप्त्याचं कुठं हाय?
त्यानं वही उलटी चाळली. सुलटी चाळली.
मागं बायका उभ्या होत्या, सुपं काखेत.
कुणीतरी म्हणालं, माझं पण बघा,
मग आणखी कुणीतरी.
मी कॅलेंडरचं पान धरून होतो,
घामानं शाई नाही, पेन्सिलच होती,
म्हणून पुसलं नाही.

बारा रुपये बत्तीस पैसे.
मुनिमानं चष्मा खाली घेतला, पानावर बोट फिरवलं,
पायरीपायरीनं, वरून खाली,
एका जागी थांबला, परत वर गेला.
बरोबर हाय, म्हणाला. विचारलं कुणी नव्हतं.
बारा दिले.
बत्तीस पैसे सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी.

आत्या हलली नाही.
लिही, मला म्हणाली.
त्याच्या वहीत, त्याच्याच पेनानं:
यल्लूबाई, हातचा, बत्तीस.

आता मी बेळगावात राहतो, बँकेचा हप्ता भरतो,
व्याजाच्या कागदावर बारीक अक्षरं आली की
आधी मोठ्यानं वाचतो. बायको हसते.
मोजताना मध्येच कधीतरी
ओंदु, एरडु येतं तोंडात.
बत्तीस पैसे
अजून आलेले नाहीत.