कड

मशीन रात्रभर चालू ठेवायचं,
लाइट गेली तर वेळ लिहून ठेवायची,
एवढंच माझं काम. लॅबचा अटेंडंट,
वडगावच्या मागवाल्यांतला, अकरावी नापास.
पहिल्या सकाळी कंग्राळकर बाईंनी विचारलं,
"काही सापडलं का रे, बसवंत?"
आपसूक तोंडातनं गेलं, "गोत्तिल्ल."
बाई हसल्या नाहीत.
"मराठीत याला दोन शब्द लागतात," म्हणाल्या,
"गणितात चाळीस वर्षं."

त्या झाडं मोजायच्या.
खानापूरच्या रानातली नव्हेत,
ठिपक्या-रेघांची. कुठंही फेरा नाही,
कुठल्याही दोन ठिपक्यांत एकच वाट.
"आमच्या भाऊबंदकीसारखं काय ओ?"
"छे, भाऊबंदकीत फेरेच फेरे."

एकोणीस ठिपक्यांपर्यंतची सगळी झाडं
बाईंच्या अटकळीप्रमाणं वागली.
वीसचीही.
पंख्याचा आवाज बदलला की मला कळायचं,
धोटा अडकायच्या आधी
बापाला कळायचं तसं.
बापाच्या मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या:
भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली.
घरात उरलेली एक पट्टी मी दाखवायला आणली.
बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली
आणि किती तरी वेळ परतच दिली नाही.
"तुझ्या घरात कॉम्प्युटर होता की रे."
होता.
तो भंगारात घालून माझी फी भरली.

गुरुवारी मशीन माझ्यावर टाकून त्या निपाणीला जायच्या.
प्रकल्प होता:
विडी कामगारांच्या मुलांना गणित का येत नाही.
मेहरुनच्या प्रगतिपुस्तकात लाल शेरा, पाढे कच्चे.
एकशे ऐंशी म्हणजे किती गं?
डोळे मिटून ती म्हणाली,
"सात कट्टे, पाच सुट्या."
पंचवीसचा कट्टा. आई वळायची, ही बांधायची.
परतीच्या बसमध्ये बाई उभ्यानंच वहीत लिहीत राहिल्या,
अक्षर सगळं संकेश्वरपर्यंत हललेलं.
शुक्रवारी मला टाइप करायला दिलं
प्रकल्पाचं नवीन नाव:
विडी कामगारांच्या मुलांचं गणित
आम्हांला का येत नाही.

मग ती शब्दांची बैठक.
एकच पुस्तक, दोन भाषांत. मी चहा देत होतो.
दोन ठिपक्यांमधल्या रेघेला मराठीत काय म्हणायचं?
"कड," बाई म्हणाल्या.
मागून कुणीतरी: "आणि बाई,
तुम्ही नेमकी कुणाची कड घेता?"
आमच्याकडं एका पाटीवरनं, एका अक्षरावरनं
खोलीभर गप्प होतात माणसं. तसं झालं.
बाईंनी खडू उचलला, दोन ठिपके काढले, मधे रेघ ओढली.
"ही एका ठिपक्याची कधीच नसते. पुढचा शब्द?"
हिरेमठ सरांनी खाली कानडीत लिहिलं: अंचु.
साडीच्या काठालाही तेच म्हणतात.
मला सांगायचं होतं की काठ काही
मागाहून लावत नाहीत आम्ही,
अंगाबरोबरच विणत जातो.
पण चहा निवत होता.

अकराव्या रात्री, चार वाजून चौदा मिनिटांनी
बावीस ठिपक्यांचं एक झाड
वागलं नाही.
मी फोन केला. "मोडलं, बाई."
नऊ वर्षांची अटकळ.
पलीकडं बराच वेळ फक्त कुत्री भुंकत होती.

सकाळी त्या कुंदा घेऊन आल्या, अर्धा किलो.
पास झाल्यावर पेढे वाटतात, हे बघितलंय.
चुकल्यावर तोंड गोड करणारं माणूस
मी एकच बघितलं.
ते झाड त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दिलं,
खाली तारीख, वेळ आणि माझं नाव.
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

"पण यातली कुठली फांदी नडली, बाई?"

तोंडात कुंदा होता,
तरी स्पष्ट ऐकू आलं:
"गोत्तिल्ल."