तिठा

अकराव्या दिवशी टाका उसवला.
सगळा नाही. खाली, जिथे तीन शिवणी येऊन मिळतात
त्या तिठ्यावर
जवाच्या दाण्याएवढं तोंड उघडून
जखम माझ्याकडे बघत होती.

मी तार्तूत पुस्तकं बांधते. तेवीस वर्षं.
शिवण कुठे दगा देते ते मला सांगायला नको:
जिथे ओढ तिन्ही बाजूंनी असते.
मेणवलेला दोरासुद्धा तिथे थकतो.

तरी आरशासमोर हात थरथरला.
वाटलं, आपलंच काही चुकलं.
खळीचा डबा काढायला हात उंचावला असेल,
झोपेत कुशीवर वळले असेन,
की ती एक सिगारेट, चौथ्या रात्री,
बाल्कनीत, उणे नऊमध्ये,
जी डॉक्टरांना सांगितली नाही.

यूल्लेला सांगितली.
नर्स. जाड मनगटं, हलकी बोटं.
रागावली नाही. मिठाच्या पाण्यानं जखम धुतली,
ओली जाळीपट्टी अलगद आत बसवली, म्हणाली,
धुरानं रक्ताच्या वाटा आक्रसतात.
या टोकापर्यंत ते आधीच लांबून चालत येतं,
त्याला उपाशी पाठवू नकोस. अंडी खा, मासे खा.
आणि हे तोंड मी शिवणार नाही.
वरून मिटवलं तर आत पोकळी राहते.
तळापासून भरत येऊ दे.

शेजारचे वाल्दुर रोज दारात वाडगं ठेवून जातात,
ताकात कालवलेलं भाजल्या धान्याचं पीठ.
त्यांना मी 'पाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय.
तसं खोटं नाही.
तीस वर्षं पाठीनेच तर सोसलं.
खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा अजून आहेत,
पेन्सिल ठेवली तर घरंगळत नाही.

आता मी उताणी झोपते,
दोन्हीकडे उशांचा बंदोबस्त.
खळ ओली असताना पुस्तक उघडायचं नाही,
हे शिकाऊ पोरांना किती वेळा ओरडून सांगितलं!
आणि मीच रात्री तीनला दिवा लावून
पट्टीचं टोक उचलून बघते.

रोज काही दिसत नाही.
मग एका मंगळवारी यूल्लेची पट्टी आत जाईना.
जागाच उरली नव्हती.
गुलाबी, ओबडधोबड, थोडं उंचवट्याचं
मांस येऊन बसलं होतं,
न बोलावता, मागच्या दारानं आल्यासारखं.

रंग उतरायला वर्ष लागेल, ती म्हणाली,
सिलिकॉनची पट्टी दिली, उन्हापासून जप म्हणाली.
मार्चमध्ये, तार्तूत, ऊन!
दोघी हसलो. हसताना ओढ बसली,
पण फाटलं काही नाही.

कामावर परतले आहे.
वरच्या फळीवरची खळ अजून योसेपच काढून देतो,
का, ते विचारत नाही.
काल एक जुनी जमाखर्चाची वही आली, पाठ दुभंगलेली.
मी ती लगेच शिवायला घेतली नाही.
आधी बोटानं चाचपलं
कुठवर सुटलंय,
आणि कुठून अजून धरून आहे.