कोळसा पुरला नाही म्हणून

नव्वदीच्या कार्यक्रमासाठी दोन पानं लिहून दे म्हणाले.
चर्चचा इतिहास. जमल्यास प्रेरणादायी.
मी इतिवृत्ताची वही घरी आणली,
चष्मा पुसला, उघडली.
पहिल्या पानावर देवाचं नाव नाही.
कोळशाचा भाव आहे.

छत्तीसचा फेब्रुवारी. हार्लो फोर्क्स, नॉर्थ डकोटा.
माणसं दोनशे अकरा, चर्चं तीन.
नॉर्वेवाल्यांचं लुथरन, चढावर.
रशियातून आलेल्या जर्मनांचं बाप्टिस्ट, रुळांपलीकडे.
मेथडिस्टांचं, धान्याच्या कोठाराच्या सावलीत.
एकाच बापाची लेकरं आणि चुली वेगळ्या.
आगगाडी बर्फात रुतली ती नऊ दिवस रुतलीच.
तिघांचा कोळसा एकत्र केला तर
एक शेगडी कशीबशी पेटेल, एवढा.

थोरा एलिंगबो बादली घेऊन निघाली.
नवऱ्याला विचारलं नाही, पाद्र्याला तर नाहीच
(तो महिन्यातून एकदा यायचा, तोही बर्फापलीकडे).
मेथडिस्टांची इमारत सगळ्यात बुटकी,
लवकर तापायची.
एवढंच कारण.
दुसरं कारण मी वहीत शोधलं, नाही.

तीन तिघाडा, काम बिघाडा, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.
वचनं वाचायला आल्विन प्रुएट उभा राहिला,
कोठारावर गव्हाच्या गाड्या तोलणारा.
तो वजनाचे आकडे सांगावेत तसा वाचायचा,
ना चढ, ना उतार,
म्हणून कुणाच्याच धर्माला धक्का लागला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. कोळसा आला, भरपूर.
परत कुणी गेलं नाही.

मग भांडणं. नसती तर मी ही वही खोटी मानली असती.
बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून?
नोंद: चर्चा झाली. खुर्ची एक मोडली.
पुढची नोंद: गुरांचं पाणी प्यायचं टाकं घासून घेतलं,
आणि चिनी मातीचा एक वाडगा.
ज्याला हवं तेवढं पाणी.

पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, कुणाचं चर्च लिहू?
तीन बैठका झाल्या.
तो अक्षरावर पैसे घ्यायचा, हे तिसऱ्या बैठकीत कळलं.
गावाचं नाव, पुढे चर्च. बस.

त्रेचाळीसचं एक पान नाही.
फाटलेलं नाही, ब्लेडने कापलंय, शिवणीलगत, नेटकं.
पुढच्या पानावर शाईचा उलटा ठसा उमटलाय.
न्हाणीच्या आरशासमोर धरला तेव्हा वाचता आला:
शेफ्ले. नावं कमी केली.
गॉटलीब शेफ्लेचा धाकटा बंदूक उचलणार नाही म्हणाला होता.
एका शेगडीला एवढंही सोसलं नाही.

आठ वर्षं वहीत शेफ्ले नाहीत.
मग एक्कावन्न, ऑक्टोबर, दुसरा रविवार:
शेफ्ले. आले. मागचा बाक.
कोण काय बोललं, लिहिलेलं नाही.
माफी हा शब्द नाही.
हिशेबाच्या रकान्यात मात्र
कोळसा दोन बादल्या.
एरवी एकच असते, मी मागचेपुढचे महिने पाहिले.

मी तेव्हा पाच वर्षांची. मीही शेफ्लेच.
मला आठवतं ते इतकंच, की बाक बर्फासारखा होता
आणि आई पाठ ताठ करून बसली होती.
मग धान्याच्या धुळीचा वास असलेले दोन हात आले,
त्यांनी मला उचललं, पुढे नेलं,
शेगडीजवळ ठेवलं, पोतं ठेवावं तसं.
आईने नको म्हटलं नाही.
थोड्या वेळाने तीही उठून पुढे आली.

आता आम्ही चौदा. गॅसचा हीटर आहे.
शेगडीत कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं ठेवलीत,
ती मी दर शनिवारी काढते, कुणीतरी परत ठेवतं.

दोन पानं अजून कोरीच.
कोळशाचा भाव लिहिते. टाकं लिहिते. वाडगाही.
कापलेलं पान लिहायचं का, यावर बहुतेक बैठक होईल.
होऊ दे.
खुर्च्या आहेत.