धारेच्या चार मिलिमीटर पुढे

देबा नदीच्या काठी एल्गोइबार,
दोन डोंगरांनी चिमटीत धरलेलं गाव.
बिशेन्ते म्हणतो, इथली पोरं
बोलायला लागायच्या आधी मायक्रोमीटर धरतात.
तो म्हणतो त्यातलं निम्मं
मी सोडून देते.

कडं आलं मंगळवारी, लाकडी पेटीतून.
विमानाच्या इंजिनाचं, निकेलच्या मिश्रधातूचं,
परातीएवढं, दिसायला अगदी साधं.
पण स्वभाव असा
की जितकं घासावं तितकं घट्ट होत जातं.
दुपारपर्यंत सहा इन्सर्ट खाल्ले त्याने.
प्रत्येकाला एकाच जागी खाच,
दातांनी दोरा तोडून तोडून
माझ्या शिवणकाम करणाऱ्या आत्याच्या दाताला पडली होती
तशी.

म्हणून लेसर.
धारेच्या चार मिलिमीटर पुढे
मसुराच्या दाण्याएवढा ठिपका.
तो स्वतः दिसत नाही,
धातूला आलेली लाली दिसते फक्त.
पापणी लवायच्या आत धार तिथे पोचते
आणि जे तापलं तेच सोलून निघतं.
खालचं थंड. थंडच राहायला हवं.
ज्याला मऊ करायचं त्याला ठेवायचं नाही,
ज्याला ठेवायचं
त्याला कळूही द्यायचं नाही.

हे मी वहीत लिहिलं
आणि पहिल्याच कड्याला चुकले.
भीतीने गती कमी ठेवली होती.
आच आत मुरली,
कड्यावर शाईसारखे निळे पट्टे उमटले.
बिशेन्ते हिरव्या काचेपाशी उभा होता,
जिच्यातून सगळं
शेवाळलेल्या हौदाच्या तळाशी चाललंय असं वाटतं.
"तू त्याची समजूत घालत बसलीस, गारासी,"
एवढंच म्हणाला.
"ताव दे आणि नीघ."

तेहतीस वर्षं हा माणूस कानाने कापत आला.
किंकाळी आली की हात मागे,
गुरगुर असली की चालू द्या.
आता दार बंद. आवाज कोंडलेला,
जळक्या तेलाचा वास नाही, कारण तेलच नाही.
पडद्यावर तापमानाची एक रेघ,
आणि तिच्याकडे तो बघतो
चुकून आपल्या पत्त्यावर आलेल्या
परक्या भाषेतल्या पत्राकडे बघावं तसा.

रात्री अकराला दुसरं कडं चढवलं.
वेग वाढवला, लेसरच्या ताकदीला हात लावला नाही.
रेघ चढली,
थरथरली,
टिकली.
कीस निघाला लालबुंद, अखंड,
जुना स्वेटर उसवावा तसा.
बिशेन्तेने हातमोजा काढला,
यंत्राच्या पत्र्यावर तळवा टेकला,
डोळे मिटले.
"गुरगुरतंय," म्हणाला.

मग भिंगाखाली इन्सर्ट. फिरवून पाहिला,
पुन्हा फिरवून पाहिला. खाच नव्हती.
कीस गार झाल्यावर त्याचा एक वेढा
त्याने मासळीच्या रिकाम्या डब्यात टाकला,
खिडकीतल्या, जिथे त्याचे जुने स्क्रू असतात
आणि कुणाची तरी अंगठी.
येत्या मार्चला तो निवृत्त होतोय.
त्याबद्दल कुणी बोललेलं त्याला चालत नाही.

"ती रेघ," पडद्याकडे न बघता त्याने विचारलं,
"वाचायची कशी?"

मी लगेच दुसरी खुर्ची ओढली.
क्षणभर जरी थांबले असते
तर प्रश्न गार झाला असता.