तापस

परभणीहून रात्रीची एसटी, मग केरबा भोयाचा
थर्माकोलचा तराफा.
जायकवाडीच्या फुगवट्यात पाणकणसं
अजून अंधारातच उभी.
मांडीवर उसनी लेन्स,
पोटच्या पोरागत धरलेली.

"तितं," केरबा म्हणाला.
मला कणसंच दिसली.
"मान वर करून उभाय की.
वारा आला का हलतंय, थांबला का थांबतंय."
वारा थांबला.
मी शंभरेक फोटो काढले, सगळे कणसांचे.

परतताना विचारलं, तुम्हाला कसा दिसतो?
त्यानं जाळं उचललं,
मधोमध हातभर भगदाड.
"मागल्या साली अडकला व्हता. कापावं लागलं."
मग शिवलं नाही?
"ऱ्हायलंच."

भगदाडातून
उजाडलेलं पाणी दिसत होतं.
तेवढाच फोटो आला,
तोही जरा हललाय.