एकास चोवीस

सजाच्या यार्डात, मागल्या कुंपणाला लागून,
शेरबाजची नाकवाली मर्सिडीज उभी आहे,
टायर काढलेली, ठोकळ्यांवर.
येत्या गुरुवारी भंगारात जाईल.
मी सुट्टीचा भोंगा झाला की टेप घेऊन जातो
आणि तिचं माप घेतो,
शिंपी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं घेतो तसं,
उगाच घाई न करता.

बॉनेट एक मीटर वीस. भागिले चोवीस,
पन्नास मिलिमीटर.
दार शहाण्णव सेंटिमीटर.
चाळीस.

हिचा किट मिळत नाही. मिळाला तरी
कुठल्या कंपनीच्या खोक्यात असेल
खोर फक्कानच्या घाटात
डाव्या मडगार्डला पडलेला हा पोचा?

म्हणून सगळं हातानं.
कॅब कापली ती बसस्टॉपवरच्या पाटीतून;
अजून दाराच्या आतल्या बाजूला वाचता येतं
'बेड स्पेस', आणि अर्धा फोन नंबर.
पाटे पॅकिंगच्या लोखंडी पट्टीचे,
सात, एकाखाली एक आखूड होत गेलेले.
मागले दिवे म्हणजे लाल टूथब्रशची दांडी.
सायलेन्सर रेडिओच्या एरियलचा.
रिव्हेट संपलेल्या रिफिलनं पत्र्याला मागून टोचून काढले,
दोनशे अकरा; एक चुकला, तो मीच ओळखतो.
जाळी चहाच्या गाळणीची.
मेसचा चाको ती अजून शोधतोय,
मीही त्याच्याबरोबर शोधू लागतो.

खोलीत सहाजण. दिवा अकराला बंद.
जेवणं, आंघोळीची रांग, घरचा फोन, सगळं होऊन
दहा ते अकरा माझे.
दिवसाचे तास चोवीस, त्यातला एक.
आणि सुट्टी
दोन वर्षांतून महिनाभर.
हा भागाकार मी वहीत मांडला नाही.
रुबीनाला सांगितला नाही.
तिला तो माझ्याआधीच आला असणार.

खेडच्या घरी दाराच्या चौकटीवर
पोरीच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या, माझ्या हातच्या.
पाच.
त्यांच्यामधल्या जागेला
कुठलीच पुट्टी धरत नाही.

एक गोष्ट इथे कळली:
सगळंच लहान होत नाही.
यार्डातली खरी धूळ आणून टपावर टाकली
तर ती खडी दिसली.
सीटला खऱ्या सीटचंच कापड लावलं
तर विणीचे दोरखंड झाले.
धूळसुद्धा खोटी बनवावी लागते,
सिगारेटची राख, टाल्कम, चिमूटभर चहाचा चुरा,
आणि मग ती खरी वाटते.

स्टिअरिंगची तार तीनदा वितळली.
दाराची बिजागरी, टाचणी आणि इंजेक्शनची सुई,
तिला दोन रात्री गेल्या,
पण दार असं बसलं
की फटीत नख जाईना.

गुरुवारी ट्रेलर आला, क्रेन आली.
शेरबाज बघायला आला नाही.
रात्री आला. माझ्या कॉटवर बसला,
गाडी तळहातावर घेतली, उलटी केली,
पाटे मोजले.
पोच्यात करंगळी घातली, मावेना,
तरी थोडा वेळ तिथेच ठेवली.
मग दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं.
म्हणाला, "परकारभाई,
इतना शरीफ नहीं था ये दरवाजा.
लात मांगता था."

घड्याळात दहा पस्तीस.
मी बारीक कानस काढली
आणि नीट बसलेलं दार
जरासं बिघडवायला घेतलं.