झाकणाच्या आतली बाजू

सात एकर गवत.
त्यातले दोन एकर नुसती उतरण,
लाहेव नदीकडे घसरत गेलेली.
आणि दर साली बर्फ ओसरलं की जमीन
पोटातले नवे दगड वर ढकलते,
बटाट्यांसारखे. त्यांची लागवड मात्र कुणी केलेली नसते.

सव्वीस वर्षं मी या रस्त्यांवर टपाल वाटलं.
कुणाच्या अंगणात काय गंजत पडलंय, मला पाठ आहे.
म्हणून चकाचक पुसून उभं केलेलं काही दिसलं
की मी आधी वाकून खालून बघते.

ओबेद म्हणाला, नवा घे, हल्डा. तो नारिंगी.
पाच वर्षांची हमी, पेला ठेवायला खाच,
पुढे दिवेसुद्धा.
दिव्यांचं काय करू रे? रात्री गवत कापू?
मी त्याच्या पुढच्या आसावर टिचकी मारली,
मडकं घेताना मारतात तशी.
पत्रा बोलला. पत्र्यासारखंच बोलला.
पात्यांवरचं कवच अंगठ्याने दाबलं
तर जरासं आत गेलं,
आणि विकणाऱ्या पोराने
रस्त्यावरच्या गाड्या मोजायला घेतल्या.

एव्हर्ड वेंटझेलच्या आवारात
आल्या आल्या भाव विचारायचा नसतो.
आधी हवामान. मग त्याचा गुडघा. मग त्याचा कुत्रा
(तो हिवाळ्यातच गेला, मला ठाऊक नव्हतं,
त्यामुळे थोडा वेळ दोघंही हवामानावर परतलो).
मग कुठे तो ताडपत्री उचलतो.

राखाडी. तीन सिलिंडरचं डिझेल, वीस अश्वशक्ती,
आस बिडाचा, टिचकीने माझंच नख दुखलं.
आसनावर कुणाच्या तरी बुडाचा साचा,
माझ्याहून ऐसपैस.
"दांडा थेट पात्यांपर्यंत जातो," एव्हर्ड म्हणाला.
"पट्टा तुटायला आधी पट्टा असावा लागतो."
ग्रीसची तोंडं मी मोजली. अकरा.
बारावं आसाच्या मागे दडलेलं, हात घातल्याशिवाय न सापडणारं.
तेही ओलं होतं.
रंग काय, कुणीही देतो.

मग त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला पांढऱ्या शाईत
रोलंड हायसलरचं बारीक, सरळ अक्षर:
तेल बदललं, तारीख, तास.
एकोणनव्वदचा मे. नव्वदचा मे.
असं खाली खाली, एकाखाली एक,
आणि दोन हजार सहाला काहीच नाही.

माझं बोट तिथे थांबलं.
बंद पाकिटावरून मजकूर ओळखायची खोड जात नाही;
तेवढ्या रिकाम्या जागेत मी एक आजारपण बसवलं,
इस्पितळाचा रस्ता, कमरेइतकं गवत,
त्यात उभा एक रुंद माणूस.
एव्हर्ड खोकला.
"त्या वर्षी त्याला पेन सापडेना.
तेल बदललं होतं. डबा माझ्याकडूनच नेला.
पैसे अजून बाकी आहेत."

मी घासाघीस केली, पण मन लावून नाही.

पहिल्याच शनिवारी उतरणीवर, तिसऱ्या फेरीला,
ठण्ण!
नदीपलीकडे कुणाचा तरी बैल मान वर करून बघू लागला.
बंद केलं, उतरले, गुडघे टेकले.
पात्याची धार एका जागी मुडपलेली.
कवचावर ओरखडा, बस्स, खरवडलेल्या तव्यासारखा.
दगड मात्र दुभंगला होता,
आतून ओलसर, निळसर.
तो उचलून कुंपणाशी ठेवला, इतरांत.

रात्री झाकण उघडून तारीख लिहिली.
माझं अक्षर मोठं आहे, पाकिटांवरचे पत्ते खोडून
नवे लिहायची सवय, त्याने दोन ओळींची जागा खाल्ली.
दोन हजार सहाची जागा भरली नाही.
माहिती पक्की आहे, पण तेल त्याने बदललं होतं.

पेन दोरीने किल्लीला बांधलंय.
सफरचंदांखालचं गवत अजून राहिलंय.